कोरडी दोरी

यशोधन मासेमारीला नाही, ऑडिटला निघाल्यासारखी तयारी करतो. बास मासा किती खोलीवर असतो, कुठल्या आमिषाला भुलतो, याचे व्हिडिओ त्यानं कॅनडातल्या ब्रॅम्पटनच्या बेसमेंटमध्ये अख्खा विंटर बघितले. मासा मात्र अजून एकही धरलेला नाही.

तळं नवखं, म्हणून आधी खोली मोजायची, असं त्यानं डॉकवर जाहीर केलं. त्याची बायको कृतिका केव्हाच कनूत, त्या निमुळत्या होडीत, जाऊन बसली होती.

"मोज तू. तोवर मी एक चक्कर मारून येते," म्हणत तिनं कनूचा दोर सोडला.

यशोधननं शिशाचं वजन बांधलेली दोरी पाण्यात खोल सोडली आणि वर ओढली. दोरी कोरडी होती. त्यानं पुन्हा सोडली, पुन्हा ओढली. कोरडीच.

"दादा, हात लावून बघ."

मी त्याचा मावसभाऊ, टिंगलीला टपलेलाच. "पाण्यालाही तुझा कंटाळा आला," म्हणत मी मनगटापर्यंत हात बुडवला. चांगलं गार लागलं. हात बाहेर काढला, तर त्यावर एक थेंब नव्हता.

"कृतिका, परत फिर!" यशोधनचा आवाज चिरकला.

"आले रे. घोटभर पाणी तर पिऊ दे."

"पिऊ नकोस!"

तोवर ती एक ओंजळ प्यायली होती. लगेच दुसरी. मग तिसरी.

"अरे, तहान वाढतेच आहे," ती हसत म्हणाली आणि कनूच्या काठावरून वाकून तिनं सरळ पाण्याला तोंड लावलं.

यशोधन हाका मारत राहिला. तिनं 'थांब, थांब' म्हणून एक हात वर केला. तोंड काही वर काढलं नाही.