जरब

तामलवाडीच्या शाळेत तपासणीला आलेल्या साहेबानं फळ्यावरचा 'गुणाकार' हा शब्द कल्याणप्पा मास्तरांना त्यांच्याच उपरण्यानं पुसायला लावला.

"हुजुरांच्या राज्यात सरकारी शाळेत उर्दूच चालणार. गुणाकार नाही, जर्ब म्हणायचं! लिहा."

मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण मान काही वर होईना. त्यांनी 'जर्ब' लिहिलं.

साहेबानं पुढं बसलेल्या इरम्माला विचारलं, "सांग पोरी, जर्ब म्हणजे काय?"

"जरब व्हय, साहेब?" इरम्मा उठून उभी राहिली. "तुमी आल्यापासनं आमच्या मास्तरांची मान खाली हाय न्हवं, तीच की."

मास्तरांनी मान वर केली. फळा खसाखसा पुसला आणि खडूचे दोन तुकडे होईस्तोवर दाबून लिहिलं, 'गुणाकार'.