कोड चारशे सतरा

गुरव सरांची गाडी चार दिवस चालू होत नव्हती. दस्तगीर मिस्त्रीने स्कॅनर लावला. कोड चारशे सतरा: चालकाच्या हातांना कंप, म्हणून इंजिन बंद.

सरांनी चिडून दोन्ही हात पुढे धरले. "कुठाय कंप? स्टिअरिंगमधला तुमचा सेन्सरच खुळा झालाय."

हात खरंच स्थिर होते. पण हा सेन्सर डोळ्यांना दिसायच्या दोन वर्षं आधी कंपाचा आजार ओळखतो, हे दस्तगीरला ठाऊक होतं. नवा मागवण्याआधी त्याची रीत ठरलेली: चालू गाडीतला काढायचा आणि बंद गाडीत घालून बघायचा. त्याने स्वतःच्या गाडीतला सेन्सर काढून सरांच्या गाडीत बसवला. सरांनी स्टिअरिंग धरताच इंजिन सुरू झालं.

"सांगत नव्हतो?"

"हाच राहू द्या, सर. मी माझ्यासाठी नवा मागवतो."

सर खुशीत हायवेला लागले.

सहज म्हणून दस्तगीरने सरांचा जुना सेन्सर आपल्या गाडीत घालून पाहिला. स्टिअरिंग धरलं. चारशे सतरा. म्हणजे तो खराबच होता. तरी त्याने काउंटरवर बसलेल्या बायकोला हाक मारली, "रझिया, जरा बसून बघ."

रझिया बसली आणि गाडी सुरू झाली. ती उतरल्यावर तो पुन्हा बसला. चारशे सतरा.

मग सरांना दिलेला सेन्सरच कधीचा मेला होता आणि ज्याला त्याला होकार देत होता.

सरांना फोन लावायला त्याने अंगठा उचलला आणि क्षणभर निरखून पाहिला. अंगठा अगदी स्थिर होता, सरांच्या हातांसारखाच.