उखाण्याबाहेरचं नाव

१९५६ सालची गोष्ट. कान्हेरीच्या डोंगरात वसुधाच्या यजमानांना एक झुडूप सापडलं. ते जगात कुणीच नोंदवलेलं नव्हतं, म्हणून त्यांच्या प्रोफेसरसाहेबांनी कौतुकानं त्याला यजमानांचंच नाव दिलं. एके दिवशी यजमान पहाटेच पुन्हा डोंगरात गेले, आणि दुपारी खिडकीतल्या कुंडीतली त्या झुडपाची मूठभर पानं चार वर्षांच्या बेबीनं चघळली.

पोरीच्या तोंडाला फेस आला तशी वसुधा तिला उचलून अनवाणीच बोरिवलीच्या दवाखान्यात धावली.

"कसलं झाड? नाव सांगा पटकन!" डॉक्टर म्हणाले.

वसुधानं बेबीला छातीशी घट्ट धरलं. लग्नाला सहा वर्षं झाली, पण उखाण्याबाहेर ते नाव तिच्या ओठांवर कधी आलं नव्हतं. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य घटतं, हे आईनं तिच्या मनात पक्कं बसवलं होतं.

"आमच्या... ह्यांनी आणलेलं," ती पुटपुटली.

"अहो बाई, पोरीचे डोळे फिरतायत! नाव!"

तिनं डोळे मिटले आणि नाव घेतलं.

"असलं झाड कधी ऐकलं नाही बुवा," म्हणत डॉक्टरांनी बेबीच्या घशात मिठाचं पाणी ओतलं. भडभडून उलटी झाली आणि पोरीनं भोकाड पसरलं.

म्हणजे नाव घेतलं नसतं तरी चाललं असतं.



घरी येऊन वसुधानं कंदील लावला. डोंगरातून नेहमी उजेडातच परतणारे यजमान अजून आले नव्हते.