बारदान्यातली उर्वशी

“तेवढं शेवटचं कडवं सोडा मावशी, बाकी गाणं फस्टक्लास आहे,” चंद्रकुमार चौथ्यांदा म्हणाला.

सिहोरा रोडवरची ही राइस मिल त्याच्या बापाची. मिलला पंचवीस वर्षं झाली म्हणून फिल्म काढायची होती आणि फिल्ममध्ये बायांचं गाणं हवं होतं. उकडलेलं धान आवारात उन्हात पसरायचं, ओळीनं चालत पायांनी उलटत राहायचं आणि चालता चालता गायचं, हे इथलं रोजचंच. आज मात्र अठरा बायांना एकसारख्या हिरव्या साड्या दिल्या होत्या. शूटिंग झालं की घडी करून परत करायच्या. रेकॉर्डिंगसाठी मशीनही बंद ठेवली होती.

गाणं सत्यभामा उचलायची. तिनं ओळ टाकली की मागच्यांनी झील धरायची. झील मिळाली नाही तर ते कडवं तिथंच मेलं, पुन्हा कोणी म्हणायचं नाही, अशी रीत. कडवी बायांनीच जोडलेली. कुणाचे तळवे भाजले, कुणाच्या छातीत कोंडा बसला. शेवटचं कडवं सत्यभामेच्या थोरल्या पोरीचं होतं. दोन वर्षांपूर्वी उर्वशीची वेणी मशीनच्या पट्ट्यात गेली आणि पोरीचं प्रेत तांदळाच्या पोत्यात गुंडाळून घरी आलं. पोरीनं केस नीट बांधले नव्हते, असं मिलनं कागदावर लिहिलं आणि मोठ्या मनानं तिच्या जागी धाकट्या खुशबूला कामावर घेतलं. त्याच जागी, त्याच उघड्या पट्ट्याशेजारी. आणि वर याला उपकार म्हणत होते, निलाजरे कुठले.

त्या कडव्याच्या जागी चंद्रकुमारनं दुसरं लिहून आणलं होतं. मिल ही आमची माउली, आम्हांवर तिची साउली. यमक जुळलं होतं, तेवढंच काय ते.

सत्यभामेनं त्याचं सगळं ऐकून घेतलं.

“पट्ट्याले जाळी लावा बाबू,” ती म्हणाली. “आज लावा. मंग मी सोताच माह्या पोरीचं नाव गान्यातून काढतो.”

जाळीची ऑर्डर दिलीच आहे, असं तो म्हणाला. दोन वर्षं हेच म्हणत होता. मग आवाज खाली आणून त्यानं खुशबूच्या कामाचाही जरा विचार करायला सांगितलं आणि कॅमेरावाल्याला खूण केली.

सत्यभामेनं चार कडवी नीट म्हटली. माउलीच्या कडव्याची पाळी आली तशी ती थांबली आणि तिनं ओळ टाकली:

“पट्ट्याले नाई जाळी, येनी गेली आत,
उर्वशी घरी आली बारदान्यात.”

झील कोणीच धरली नाही. सगळ्यांच्या माना खाली, नजरा पायाखालच्या धानावर. उद्या याच फाटकातून आत यायचं होतं, त्यांना तरी काय बोलावं. सत्यभामेनं ओळ पुन्हा टाकली. पुन्हा एकटाच आवाज.

चंद्रकुमारनं कॅमेरा बंद करायला लावला. मशीन चालू कर, असं मिस्त्रीला ओरडून सांगितलं, मग गाऊ दे किती गाते ते. आज गाण्यासाठी ओळीत घेतलेल्या खुशबूला त्यानं पट्ट्यावर जायला फर्मावलं.

मशीन धडधडली, आवार हादरलं. बिचारा काचेच्या केबिनमध्ये वाढलेला. हे गाणं याच धडधडीवर आवाज चढवून बांधलेलं आहे, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. बायांना अवघड गेलं होतं ते आजच्या शांततेत गायला.

खुशबू ओळीतून निघाली. पट्ट्याच्या दिशेनं चार पावलं गेली आणि उभी राहिली. मग आईकडे वळून तिनं झील धरली.

“उर्वशी घरी आली बारदान्यात.”

तिच्या मागोमाग सगळ्या ओळीनं ती उचलली. आवाज मशीनच्या वर चढला आणि फाटकाबाहेर रोडपर्यंत गेला. चंद्रकुमार हातवारे करत होता. मशीन बंद कर म्हणतो की आणखी जोरात चालव म्हणतो, मिस्त्रीला काही ऐकू येईना.

पट्टा रिकामाच फिरत राहिला.