निळ्या फिती

रविवारच्या प्रार्थनेनंतर ओरिन क्रूजनं शेजारच्या हॉलिसला बागेत बोलावलं, एक पान बघायला. ओरिनला मोतीबिंदू झाला होता. फ्लोरिडाच्या या वाळूत रोगानं सगळ्यांच्याच संत्र्यांची वाट लावली होती. हॉलिसनं तर चारशे झाडं उपटून जाळली होती. ओरिनचंही एकच झाड उरलं होतं, पण हिरवंगार, फळांनी वाकलेलं.

ते एक झाड हॉलिसला सलायचं. तीन वर्षं तो फाटकावरून जाताना मान वळवायचा, तरी ते दिसायचंच. आज जवळून पाहिलं तर पाच फांद्यांना निळ्या फिती बांधलेल्या. जत्रेत पहिल्या बक्षिसाला निळीच फीत मिळायची. म्हाताऱ्यानं जिल्ह्याच्या जत्रेतल्या बक्षिसासाठी फळं आत्तापासून राखून ठेवलीत, हे बघून त्याचा जळफळाट झाला.

ओरिननं खालचं पान पुढे केलं. "पिवळं पडलंय का रे? का मलाच तसं दिसतंय?"

हॉलिसनं खिशातलं पेन काढलं. मधल्या शिरेच्या डावीकडे एक गोल काढला, उजवीकडे बरोबर समोर दुसरा. दोन्हीकडे सारखाच पिवळेपणा असता तर जस्ताची कमतरता. एका फवारणीनं भागलं असतं. डावा गोल हिरवा होता, उजवा पिवळा.

त्याला बरं वाटलं. अगदी मनापासून बरं वाटलं.

"रोगच आहे," तो म्हणाला. आवाज पडेल ठेवायला त्याला जड गेलं. "झाडभर पसरला असणार. आता याचं काही खरं नाही."

 ओरिन चाचपडत एका फांदीपाशी गेला आणि फितीची गाठ सोडायला लागला. यंदा जत्रेत फळं मांडणार नाहीस का, असं हॉलिसनं विचारलं.

"जत्रा कसली? या फांद्या कलमासाठी राखल्या होत्या, तुझ्यासाठी. झाड तीन वर्षं टिकलं तरच सांगायचं ठरवलं होतं. उगाच तुला आशेला कशाला लावायचं." ओरिनची बोटं गाठीवरून घसरत होती. "मला दिसत नाही रे. तूच सोड."

हॉलिसनं पहिली गाठ सोडली. अजून चार होत्या.