अंगठा तिचा, नंबर त्याचा

“शिवकन्या कुठंय? आत्ता अंगठा लावून गेली ती!” वैजनाथने काउंटरवर हात आपटला.

कळमनुरीचा बाजार भरला होता. अंगठा लावून बँकेतले पैसे देणाऱ्या त्या केंद्रापुढं बायांची ही रांग. यंत्रामागे बसलेल्या बालाजीनं मान वर केली.

“दादा, बाजाराचा दिवस हाय. अंगठा लागला का न्हाई, तेवढंच पाहतो मी. तोंडं कुठं पाहत बसू?”

“मंग ह्यो मेसेज काय खोटा हाय?”

“दाखवा बरं.”

पण वैजनाथनं मोबाईल खिशात कोंबला. बायकोची भानगड परक्याला वाचू द्यायला तो काय खुळा होता? मेसेज इंग्रजीत होता आणि इंग्रजीशी त्याचं शाळेपासूनच वाकडं. कळमनुरी एवढं मात्र त्यानं बराबर ओळखलं होतं. तेवढं बास होतं.

बांगडीवाल्याकडं बघितलं, एसटी स्टँडवर बघितलं. शिवकन्या नाही. त्याच्या डोक्यात नुसता जाळ झाला. सापडू दे एकदा, तंगडी मोडून घरात बसवतो!

घराबाहेर काढलं होतं तिला त्यानंच. पाठीत लाथ घालून. लहानग्या मिनाला मात्र तिच्या कडेवरून ओढून घेतलं. लेकरासाठी तरी नाक घासत येईल, पाया पडेल, ही त्याची खात्री. पण ती आली नाही. माहेरीही गेली नाही. तेव्हापासून हा रोज कनेरगाव नाक्यावरच्या आपल्या घराच्या ओट्यावर पहारा देत बसला होता. आज मेसेज आला आणि पहिल्यांदाच उठला.

बंदोबस्त मात्र पक्का होता पठ्ठ्याचा. लग्न झाल्या झाल्या तिच्या आधारला यानं आपला नंबर जोडला, बँकेच्या खात्यालाही आपलाच. ‘बायकोला कशाला लागतो वेगळा नंबर?’ कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही. आपल्याकडं निम्म्या बायांचे नंबर नवऱ्याचेच, आणि त्याचं कुणाला काही वाटतं का? जळो ती रीत!

पुढं भावानं तिला मोबाईल घेऊन दिला. तिनं बोटाचं लॉक लावलं. बिचारीला वाटलं, आता आपलं काहीतरी आपलं राहील. ती दमून झोपली की हा तिचंच बोट उचलून मोबाईलवर टेकवायचा. भावाला काय लिहिलं, मैत्रिणीला काय बोलली, सगळं वाचायचा आणि सकाळी त्यावरूनच तिला झोडपायचा. असल्याला माणूस तरी कसं म्हणावं?

तिला काढताना मोबाईल त्यानं ठेवून घेतला. अंगठा कुठं ठेवून जाईल? पैशाला लावावाच लागेल, आणि लावला की मेसेज ह्याला. मनातल्या मनात तो स्वतःवर खूश होता.

आईचा फोन आला.

“कुठं पोचलास रं?” नर्मदाबाईनं विचारलं.

“कळमनुरीत. बाई निसटली. मिना काय करून राहिली?”

“खेळून राहिली.”

“तिला दाराबाहेर सोडू नको. कोनी आलं तर मला फोन कर.”

“व्हय. तू सावकाश जा, बाबा.”

म्हातारीचा त्याला भरवसा होता. उभ्या जन्मात तिनं तोंड उघडलं नव्हतं. बाप गुरासारखा मारायचा तेव्हा नाही, आणि आता सुनेवर हात उठायचा तेव्हाही नाही. भाकरी थापत बसायची, बस्स.

फोन ठेवतो न ठेवतो तोच दुसरा मेसेज. शिरड शहापूर!

“अशी पळून राहिली का तू!” वैजनाथनं फटफटीला लाथ मारली. ऊन मी म्हणत होतं, घशाला कोरड पडली होती, पण पाण्यालाही तो थांबला नाही. वाटेत आईनं पुन्हा फोन करून विचारलं, “आता कुठं?” “शिरडच्या रोडला,” तो ओरडला.

शिरडच्या केंद्रावर गर्दी नव्हती. पायरीवर चार बाया बसल्या होत्या. त्यांतली एक म्हातारी, जनकाबाई, फोन कानाला लावून हळू बोलत होती. वैजनाथ त्यांना ओलांडूनच आत घुसला.

“शिवकन्या कुठंय?” ह्या खेपेला त्यानं मोबाईलच पोरसवदा केंद्रवाल्याच्या नाकापुढं धरला. “बोल! तुजाच मेसेज हाय ना?”

केंद्रवाल्यानं मेसेज वाचला. मग वैजनाथकडं बघितलं.

“दादा, ह्याच्यात तर लिव्हलंय, अंगठा जुळला न्हाई म्हनून. पैसे निघालेच न्हाईत. पहिल्या मेसेजातबी तेच हाय.”

“जुळला न्हाई? काहून?”

“माझा व्हता म्हनून,” मागून आवाज आला.

जनकाबाई उठून उभी राहिली होती. भ्यायची तर गोष्टच नाही.

“आधारचा नंबर शिवकन्याचा, अंगठा माझा. कळमनुरीत लावनारी बी आमच्याच बचत गटाची. यंत्र आमाला न्हाई म्हनतं, पर मेसेज तुमाला पाठवतंच. तेवढंच पाहिजे व्हतं आमाला.”

वैजनाथचा हात वर गेला. बाकीच्या तिघी उठल्या. हात तसाच खाली आला.

“तिच्या आधारचा नंबर... आमच्या घरातला... कोनी दिला तुला?”

जनकाबाईनं कानाचा फोन काढून त्याच्यापुढं धरला. “लाईनीवरच हायत. पुसा की.”

त्यानं फोन कानाला लावला.

“वैजू,” नर्मदाबाईचा आवाज जराही हलत नव्हता, “मिना तिच्या मायसंगं गेली रं. तू काही घाई करू नको. दाराला मी आतून कडी लावलीय.”