चौथी पट्टी

वारलेल्या धाकट्या भावाने जुन्या कॉम्प्युटरवर रचलेली शेवटची धून एकाच फ्लॉपीवर होती, आणि ती उघडताच फ्लॉपीने ड्राइव्हसकट मान टाकली. आता धून फक्त मशीनच्या मेमरीत उरली होती. मशीन बंद पडलं की संपलं. थोरला तीन दिवस जीव मुठीत धरून खुर्चीला चिकटला होता.

पडद्यावर चार वाद्यांच्या चार पट्ट्या नाचत होत्या. चौथीसाठी भावाने एकही सूर लिहिला नव्हता, तरी ती संथ वरखाली होत होती.

त्याने बाकीच्या तिन्ही बंद करून स्पीकरला कान लावला. आत कुणीतरी श्वास घेत होतं.

"अहो, पुरे झालं! अशाने तुम्हीही जाल," म्हणत बायकोने प्लगच उपटला.

पडदा विझला. श्वास मात्र थांबला नाही. धाप लागल्यासारखा वाढत गेला.

"वहिनी, अंधार का केलास गं?"